सान हुआनचे किल्ले कसे पाहावेत: पोर्तो रिकोला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पोर्तो रिकोची राजधानी सान हुआन. तिचा जुना भाग एका चिंचोळ्या बेटावर वसलेला आहे. बेटाच्या पश्चिम टोकाला एल मोरो, पूर्वेला सान क्रिस्तोबाल, आणि दोन्ही किल्ल्यांना जोडत गावाभोवती फिरलेला तट. अमेरिकेत राहणारी आपली मंडळी हिवाळ्यात क्रूझने इथे येतात. जहाज सकाळी लागतं, संध्याकाळी सुटतं. मधल्या वेळात एल मोरोसमोरच्या हिरवळीवर फोटो, रंगीत घरांच्या गल्ल्यांतून एक फेरी, आणि पुन्हा जहाज. गडकोटांत रमणाऱ्या माणसाने तरी एवढ्यावर परत येऊ नये. बुरूज, खंदक, फांजी, चर्या हे शब्द ज्याच्या तोंडात आहेत, त्याला या तटात इतर प्रवाशांपेक्षा कितीतरी जास्त दिसू शकतं. फक्त पाहण्याचा क्रम नीट लावावा लागतो.

हे किल्ले स्पेनने एका आराखड्यावर एका दमात बांधलेले नाहीत. शत्रू आला, कुठेतरी उणीव उघडी पडली, ती बुजवायला नवा दगड चढला, असं सुमारे अडीचशे वर्षं चाललं. त्यामुळे माझं सांगणं असं, की शत्रू ज्या क्रमाने आणि ज्या दिशेने आले, त्याच क्रमाने फिरा. नकाशातल्या आकड्यांप्रमाणे फिरलात तर हातात सुटी सुटी ठिकाणं राहतील. हल्ल्यांच्या क्रमाने फिरलात तर प्रत्येक भिंत का उभी आहे ते कळत जाईल.

निघण्याआधी

पोर्तो रिको अमेरिकेच्या ताब्यातला प्रदेश आहे. भारतीय पासपोर्टवर यायचं तर अमेरिकेचा व्हिसा लागतो. अमेरिकेतल्या कुठल्याही शहरातून विमानाने येणं हा देशांतर्गत प्रवास ठरतो, इमिग्रेशनची रांग नसते. पासपोर्ट आणि कागदपत्रं मात्र जवळ ठेवा. क्रूझने येत असाल आणि जहाज दुसऱ्या देशांच्या बंदरांनाही लागणार असेल, तर तो परदेश प्रवास होतो. तिकीट काढण्याआधी व्हिसाचा शिक्का चालू आहे का आणि पुन्हा प्रवेश मिळेल का, हे तपासून घ्या. चलन डॉलरच. भाषा स्पॅनिश, पण किल्ल्यांवर आणि जुन्या गावात इंग्रजीवर काम भागतं.

डिसेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम धरला जातो. त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर टाळलेलं बरं. ऊन आपल्या कोकणासारखंच, दमट आणि चिकट. किल्ल्यांच्या वरच्या भागात सावली जवळजवळ नाही. पाण्याची बाटली, टोपी आणि चांगली पकड असलेले बूट घ्या. उतरणी गुळगुळीत झाल्या आहेत, पावसाची सर येऊन गेली की चपलेने घसरायला होतं. ड्रोन घरीच ठेवा. हे राष्ट्रीय उद्यान खात्याचं क्षेत्र आहे, इथे ड्रोन उडवायला बंदी आहे.

दोन्ही किल्ल्यांना मिळून एकच तिकीट लागतं आणि ते चोवीस तास चालतं. मोठ्यांना १० डॉलर, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना काही नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असेल तर तोही चालतो. दर आणि वेळा बदलतात, म्हणून उद्यान खात्याच्या संकेतस्थळावर आदल्या दिवशी एक नजर टाका. किल्ले साधारण सकाळी साडेनऊला उघडतात आणि साडेचारच्या सुमारास बंद होतात. पावती जपून ठेवा, दुसऱ्या किल्ल्याच्या दारात तीच दाखवायची असते.

जमलं तर जुन्या गावात एक रात्र मुक्काम करा. तिकीट चोवीस तासांचं असल्याने एक किल्ला आज दुपारी आणि दुसरा उद्या सकाळी, असं निवांत जमतं.

पहिलं पाऊल तटाच्या बाहेर

किल्ले उघडण्याआधी, सकाळी आठच्या सुमारास, पासेओ दे ला प्रिन्सेसा या बंदराकडच्या रस्त्यावरून चालायला लागा. उजव्या हाताला तट सुरू होतो. पुढे सान हुआन दरवाजा लागतो. तो १६३०च्या दशकातला. दगडी कमान, लाल रंग, जाडजूड लाकडी दारं. राजाचे अधिकारी आणि बिशप जहाजातून उतरले की याच दारातून गावात शिरत आणि चढण चढून थेट कॅथेड्रलमध्ये प्रार्थनेला जात. तटाचे जुने दरवाजे बाकीचे गेले, हा एक राहिला. त्यातून एवढ्यात आत जाऊ नका.

दरवाजाच्या बाहेरून पाण्याच्या कडेने एक पायवाट उत्तरेकडे, एल मोरोच्या टोकापर्यंत जाते. अंतर एक-सव्वा किलोमीटर. ही वाट पुढे किल्ल्यात चढत नाही, आल्या वाटेने परत यावं लागतं. याच कारणाने बरेच लोक ती सोडून देतात. मला विचाराल तर सान हुआनमध्ये एकच गोष्ट पाहायला वेळ असेल, तर किल्ल्याच्या आत न जाता ही वाट चाला.

इथे तुम्ही हल्ला करणाऱ्या जहाजाच्या जागी उभे असता. डाव्या हाताला बंदराचं तोंड. पलीकडच्या किनाऱ्याजवळ एल कान्युएलो नावाचा लहानसा चौकोनी किल्ला दिसतो. आधी तो लाकडी होता, १६२५च्या हल्ल्यात जळाला आणि नंतर दगडात बांधला गेला. मोठ्या आणि छोट्या किल्ल्याच्या तोफांमधून वाट काढल्याशिवाय बंदरात शिरायला दुसरी जागाच नाही.

आता तटाजवळ जा आणि भिंत बघा. ती सरळ उभी नाही, खाली रुंद आणि वर निमुळती होत मागे कललेली आहे. तोफगोळा आला तर तो सपाट आदळू नये, निसटून वर जावा, म्हणून हा कल. गिलावा पडलेल्या जागी आतली रचना उघडी दिसते. वालुकाश्माचे चिरे, मध्येच विटांचे थर, आणि सांध्यांत चुना. मुळात समोरासमोर दोन भिंती उभारायच्या आणि मधली पोकळी वाळू, माती, दगडांनी भरून काढायची, अशी ही बांधणी. गोळा बाहेरच्या भिंतीतून आत घुसला तरी त्याचा जोर मधल्या भरावात जिरतो. एल मोरोच्या भिंती काही ठिकाणी १८ फूट जाड आहेत.

डागडुजीचे ठिगळही नजरेस पडतात. चुन्याच्या जुन्या भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आतच अडकते आणि दगड आतून झिजतो. महाराष्ट्रात किल्ल्यांच्या दुरुस्तीवरून याच मुद्द्यावर किती वाद झाले आहेत. इथली आजची डागडुजी पुन्हा चुन्यातच होते. मुद्दाम हात लावून बघावंसं वाटेल, पण कडा ठिसूळ झाल्या आहेत, तेव्हा डोळ्यांनीच पाहा.

वर मान केलीत की तटाच्या कोपऱ्यांवर गोल, घुमटाच्या टोपीच्या छोट्या चौक्या दिसतील. त्यांना गारिता म्हणतात. एक पहारेकरी जेमतेम उभा राहील एवढी जागा, तीन-चार अरुंद झरोके. पोर्तो रिकोच्या गाड्यांच्या नंबरप्लेटपासून दुकानांतल्या कपांपर्यंत सगळीकडे हेच चित्र असतं. खालून पाहिलं की कळतं, ती कोपऱ्याच्या बाहेर अधांतरी काढली आहे, म्हणजे आत उभ्या माणसाला तटाच्या दोन्ही बाजू पायथ्यापर्यंत दिसतात.

चुकलेली पहिली जागा

परत दरवाजाशी आलात की आता आत शिरा. उजवीकडे वळलात तर ला फोर्तालेसा लागतं. आज ते गव्हर्नरचं निवासस्थान आहे, आणि पश्चिम गोलार्धात अखंड वापरात असलेलं हे सर्वांत जुनं शासकीय निवासस्थान मानलं जातं. पण १५३३ ते १५४० या काळात ते बांधलं गेलं किल्ला म्हणून. जागा मात्र चुकली. ते बंदराच्या आत आहे. इथून तोफ डागायची तर शत्रू आधीच बंदरात शिरलेला असणार. आंधळ्यांनीसुद्धा याहून वाईट जागा निवडली नसती, अशा अर्थाचा शेरा त्या काळचा स्पॅनिश इतिहासकार ओव्हिएदो याने मारला होता. ही चूक ध्यानात आल्यावर १५३९मध्ये बंदराच्या तोंडावरच्या खडकावर एल मोरोचं काम सुरू झालं. फोर्तालेसा आतून पाहायचं तर मार्गदर्शकाबरोबर, कामाच्या दिवशी. वेळ कमी असेल तर बाहेरून बघून पुढे निघा.

एल मोरो: खालून वर वाढलेला किल्ला

हिरवळ ओलांडायला दहा मिनिटं लागतात. आज इथे लोक पतंग उडवतात, वारा कायम असतो. पण ही मोकळी जागा मुद्दाम राखलेली आहे. किल्ल्याकडे चालून येणाऱ्याला आडोसा मिळू नये म्हणून झाड नाही, घर नाही. चालता चालता एक गोष्ट करून पाहा. किल्ल्याच्या भिंतीचा किती भाग दिसतोय ते बघा. लांबून तो बुटका वाटतो. अगदी जवळ गेल्यावर समोर अचानक कोरडा खंदक उघडतो आणि भिंतीची खरी उंची कळते. शत्रूच्या तोफांना निशाणा धरायला भिंत मिळू नये, म्हणून ती खंदकात बुडवली आहे.

पुलावरून आत गेलात की मुख्य चौक. इथे बहुतेक जण वर जातात, समुद्र बघतात, झेंड्यांखाली फोटो काढतात. झेंडे तीन आहेत: अमेरिकेचा, पोर्तो रिकोचा, आणि पांढऱ्यावर लाल खडबडीत फुलीचा बरगंडीचा, जो स्पॅनिश सैन्याचा होता. तुम्ही आधी खाली उतरा. चौकातून एक लांब उतरण सान्ता बार्बारा तोफखान्याकडे जाते, तोफा ओढून नेण्यासाठी केलेली. तिथून मूळ मनोरा जवळून पाहता येतो. १५३९मध्ये सुरू झालेला किल्ला म्हणजे एवढाच होता, एक मनोरा आणि पाण्याजवळच्या काही तोफा. पुढे सगळं त्याच्याभोवती आणि त्याच्यावर चढत गेलं, सहा पातळ्यांपर्यंत.

मनोऱ्याच्या आत छताकडे बघायला विसरू नका. १८९८मध्ये अमेरिकन युद्धनौकांनी डागलेल्या गोळ्याचा गंजलेला तुकडा तिथे अजून दगडात रुतून बसला आहे. सोळाव्या शतकाचा दगड आणि एकोणिसाव्या शतकाचं लोखंड, दोन्ही हाताच्या अंतरावर.

आता हल्ले आठवत वर चढा.

१५९५चा नोव्हेंबर. बंदरात चांदीने भरलेलं एक नादुरुस्त गलबत अडकलं आहे, ही खबर लागून इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक आला. त्याचा जोडीदार जॉन हॉकिन्स बंदरात शिरण्याआधीच आजारी पडून वारला होता. इथल्या तोफांचा एक गोळा ड्रेकच्या जहाजाच्या खोलीत घुसला आणि त्याच्या बुडाखालचं स्टूल उडवून गेला. रात्री होड्यांतून केलेला हल्लाही फसला, कारण जळत्या जहाजांच्या उजेडात हल्लेखोर लख्ख दिसू लागले. समुद्राकडून हा किल्ला घेता येत नाही, हे ठरलं.

तीनच वर्षांनी, १५९८मध्ये, इंग्रज सरदार जॉर्ज क्लिफर्ड, कंबरलंडचा अर्ल, आला. त्याने ड्रेकची वाट सोडली. पूर्वेकडे उतरला, जमिनीवरून चालत आला आणि एल मोरो घेतला. इतिहासात हा किल्ला हल्ल्यात पडला तो एवढ्या एकदाच. पण हगवणीच्या साथीने त्याचं सैन्य इतकं पोखरलं, की दोन-एक महिन्यांत त्याला सोडून जावं लागलं.

१६२५मध्ये डच आले. बाउडेवाइन हेंड्रिक्सझून जहाजं घेऊन एल मोरोच्या तोफांखालून सरळ बंदरात घुसला, गाव ताब्यात घेतलं आणि महिनाभर किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदार हुआन दे आरो हटला नाही. जाताना डचांनी गाव जाळलं. त्या आगीत बिशप बालबुएना याचा ग्रंथसंग्रहही गेला. या घावानंतर गावाभोवती तट घालायला सुरुवात झाली. सकाळी तुम्ही ज्या तटाखालून चालत आलात, तो हाच.

वरच्या पातळीवर दीपगृह आहे. तिथला पहिला दिवा १८४०च्या दशकातला, आजची इमारत १९०८ची. आजूबाजूला सिमेंटच्या खोपट्यासारखी बांधकामं दिसतील, ती दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने पाणबुड्यांवर नजर ठेवायला बांधली. पुष्कळांना ती विद्रूप वाटतात. मला ती हवीशी वाटतात, कारण चारशे वर्षांनंतरही पहारा याच जागेवरून होत होता, हे त्यांच्याशिवाय कळत नाही. सैन्य इथून १९६१मध्ये गेलं.

वसईची आठवण येणारच

एल मोरोच्या जमिनीकडच्या टोकदार बुरुजांवर उभं राहिलं की वसईचा किल्ला पाहिलेल्या माणसाला ओळखीचं वाटतं, आणि त्याला कारण आहे. १५८० ते १६४० या साठ वर्षांत स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाच्या मुकुटाखाली होते. म्हणजे वसई, चौल, गोवा आणि सान हुआन, या सगळ्यांचा राजा एकच. त्या काळात किल्ले बांधायला स्पेनचा राजा दुसरा फिलिप इटालियन स्थापत्यकार नेमत असे. बाउतिस्ता अंतोनेल्ली त्याने कॅरिबियनकडे धाडला. सान हुआनच्या एल मोरोची वाढ आणि हवानाचा त्याच नावाचा किल्ला, दोन्हींमागे तो आहे. दुसरा, मिलानचा काइराती, गोव्याकडे आला. मोंबासाचा फोर्ट जीझस हे त्याचं काम.

आपल्या गडांचे बुरूज बहुधा गोल. इथले बाणाच्या पात्यासारखे टोकदार. गोल बुरुजाच्या नाकासमोर एक अशी फट राहते, जी शेजारच्या बुरुजावरून दिसत नाही. टोकदार आकारात ती राहत नाही, प्रत्येक बाजूवर शेजारच्या बुरुजाची तोफ रोखलेली असते. बुरुजाच्या टोकाशी उभे राहून डावीकडे-उजवीकडे नजर टाका, लगेच पटेल.

दुपार गावात

दुपारच्या उन्हात किल्ल्यावर थांबू नका, गावात सावलीत या. रस्त्यांतल्या निळसर चकचकीत फरश्यांना आदोकिनेस म्हणतात. त्या दगड नाहीत, लोखंडाच्या भट्टीतल्या मळीपासून ओतलेल्या विटा आहेत. पाऊस पडून गेल्यावर त्यांचा रंग खरा उघडतो.

सान होसे चर्चला नक्की जा. बांधकाम १५३०च्या दशकात सुरू झालं. छताला दगडी फासळ्यांच्या गॉथिक कमानी आहेत, युरोपातल्या मध्ययुगाची शैली. अमेरिका खंडात अशी अस्सल गॉथिक वास्तू फार विरळा. ते बरीच वर्षं डागडुजीसाठी बंद होतं, २०२१मध्ये उघडलं. पोन्से दे लेओन हा इथला पहिला स्पॅनिश गव्हर्नर आधी इथेच पुरलेला होता. १९०८मध्ये त्याचे अवशेष कॅथेड्रलमध्ये नेले, तिथे आज संगमरवरी कबर आहे. चर्चबाहेरच्या चौकात त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, १७९७मध्ये इंग्रजांकडून हिसकावलेल्या तोफा वितळवून ओतलेला. २०२२च्या जानेवारीत, स्पेनचा राजा यायच्या काही तास आधी, तो पाडला गेला आणि लगोलग पुन्हा बसवला गेला. या बेटावर हा इतिहास अजून थंड झालेला नाही.

शेजारीच बायाहा बराकीची अवाढव्य इमारत आहे, १८५४ ते १८६४ या काळातली. वरच्या मजल्यावर म्युझिओ दे लास आमेरिकास आहे. तिथली ताइनो, म्हणजे स्पॅनिशांच्या आधीपासून बेटावर राहणाऱ्या लोकांवरची, आणि आफ्रिकी वारशावरची दालनं पाहा. उरलेला गाव पाहताना त्यांचा उपयोग होतो.

शाकाहारी असाल तर पोटाची सोय आधी विचारून घ्या. भात-राजम्यासारख्या आमटीतही हॅम असतो आणि कच्च्या केळ्याच्या मोफोंगोत डुकराची कुरकुरीत चरबी कुटलेली असते. 'सिन कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, एवढं बोललात की वेगळं करून देतात. तोस्तोनेस, म्हणजे कच्च्या केळ्याचे चेपून दोनदा तळलेले काप, कुठेही मिळतात.

सान क्रिस्तोबालला अर्धा दिवस

घाईत हाच किल्ला सुटतो, आणि माझ्या मते दोघांतला सरस हाच. नव्या जगात स्पेनने बांधलेला हा सर्वांत मोठा किल्ला, सुमारे २७ एकरांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडताच या.

सुरुवात १६३४ची, डचांनी दिलेल्या धड्यानंतरची. पण आज दिसतं ते बहुतेक १७६५नंतरचं. १७६२मध्ये इंग्रजांनी हवाना घेतलं आणि स्पेनचं धाबं दणाणलं. राजा तिसऱ्या कार्लोसने अलेहांद्रो ओ'रायली या सेनाधिकाऱ्याला पाहणीसाठी सान हुआनला पाठवलं. बांधकाम तोमास ओ'डेली याच्याकडे आलं. नावांवरून कळेल, दोघेही आयरिश, स्पेनच्या चाकरीत.

एल मोरो समुद्राकडे तोंड करून आहे, हा जमिनीकडे. एक कोट घेतला तर समोर दुसरा, त्याच्यापुढे तिसरा, आणि प्रत्येक मागचा पुढच्यापेक्षा उंच. शत्रूने पुढचा भाग जिंकला तरी तो मागच्या तोफांच्या थेट खाली उघडा पडतो. आपल्या गडांवर पडकोट, माची आणि बालेकिल्ला जसे एकामागे एक चढतात, तीच बुद्धी. सगळ्यात वरचा उंचवटा म्हणजे काबायेरो. आधी तिथे चढा आणि पूर्वेकडे बघा. पंख्याच्या आकाराचा एल आबानिको, सान कार्लोस, ला त्रिनिदाद हे पुढचे कोट एका नजरेत येतात.

मग खाली बोगद्यांत उतरा. काही वाटा सैनिकांना लपूनछपून पुढच्या कोटांत जाण्यासाठी होत्या. काही सुरुंगाच्या. शत्रू वरच्या जागेवर येऊन बसला की त्याच्या पायाखाली दारू भरून ती जागाच उडवायची. छत ठेंगणं आहे, उंच माणसांनी डोकं सांभाळावं. एका कोठडीच्या भिंतीवर कैद्याने काढलेली गलबतांची चित्रं आहेत. शिडं, दोर, डोलकाठ्या इतक्या बारकाईने काढल्या आहेत, की हे जहाजावर आयुष्य काढलेल्या माणसाचं काम, हे उघड दिसतं.

मुख्य चौकाच्या खाली पाण्याची पाच मोठी टाकी आहेत. चौकातल्या फरशीला उतार आहे, छतांवरचं पावसाचं पाणी या टाक्यांत साठायचं. बेटावर वेढा पडला तर जगायचं ते या पाण्यावर.

हा किल्ला जमिनीवरच्या थेट हल्ल्यात कधी तपासला गेलाच नाही. १७९७मध्ये इंग्रज सेनापती सर राल्फ ॲबरक्रॉम्बी त्रिनिदाद बेट जिंकून मोठं आरमार घेऊन इकडे आला. (त्याचा धाकटा भाऊ रॉबर्ट त्याआधी काही वर्षं मुंबईचा गव्हर्नर होता.) तो पूर्वेला उतरला आणि बेटाच्या पुलापाशीच अडला. सान अंतोनिओचा पूल आणि शेजारचा सान हेरोनिमो हा छोटा किल्ला त्याला ओलांडता आला नाही. दोन आठवड्यांत तो परतला. सान हेरोनिमोचे अवशेष आजही कोंदादो भागात, पाण्याच्या कडेला, उंच हॉटेलांच्या शेजारी दिसतात. टॅक्सीने जाताना नजर ठेवा.

१८९८मध्ये अमेरिकेविरुद्धच्या युद्धात इथला पहिला गोळा सान क्रिस्तोबालमधूनच सुटला, १० मे रोजी. कॅप्टन आंखेल रिव्हेरो मेन्देस याच्या हुकमाने. दोन दिवसांनी अमेरिकन युद्धनौकांनी सुमारे तीन तास तोफा डागल्या. किल्ले पडले नाहीत. पण २५ जुलैला अमेरिकन सैन्य बेटाच्या दक्षिणेला ग्वानिकात उतरलं आणि डिसेंबरच्या पॅरिस तहाने बेट अमेरिकेकडे गेलं.

दगड कोणी वाहिले

फलकांवर राजांची आणि स्थापत्यकारांची नावं ठळक असतात. चिरे फोडले, वाहिले, चुना कालवला तो सैनिकांनी, कैद्यांनी, मजुरांनी आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी. पैसा मेक्सिकोच्या चांदीतून यायचा, सितुआदो नावाच्या नेमाने. ती चांदीही खाणींतल्या मजुरांच्या जिवावर. बेटावर गुलामगिरी कायद्याने संपली २२ मार्च १८७३ला. किल्ल्याच्या भव्यतेचं कौतुक करताना हे बाजूला ठेवता येत नाही.

आणि याचीच दुसरी बाजूही लक्षात घ्या. १६६४मध्ये स्पेनने असं ठरवलं, की शेजारच्या शत्रूंच्या बेटांवरून पळून आलेल्या गुलामांना इथे मोकळं राहता येईल. अशा लोकांची वस्ती तटाबाहेर, सान मातेओ दे कांग्रेखोस इथे झाली. आजचं सान्तुर्से. ॲबरक्रॉम्बी १७९७मध्ये उतरला तो यांच्याच दारात, आणि त्याला अडवणाऱ्यांत कांग्रेखोसच्या काळ्या शिबंदीचे लोक होते. त्यांच्या नावाचा बुरूज कुठेही नाही.

एक दिवस डोंगरात

दोन दिवस सान हुआनमध्ये झाले असतील आणि तिसरा हाताशी असेल, तर गाडी भाड्याने घ्या आणि उतुआदोजवळच्या काग्वानाला जा. सान हुआनहून साधारण दोन तास. शेवटचा टप्पा वळणावळणाचा घाट आहे, गाडी लागणाऱ्यांनी गोळी घेऊन निघावं. वाटेत वेळ असेल तर ग्वाइनाबोमधल्या कापाराला थांबा. स्पॅनिशांची १५०८ची पहिली वस्ती ती, आता पोन्से दे लेओनच्या घराचा दगडी पाया तेवढा उरला आहे.

काग्वाना ताइनो लोकांचं. कोलंबसच्या आधीचं, साधारण १२०० ते १५०० या काळातलं. झाडीत सपाट अंगणं आहेत, त्यांना बातेय म्हणतात. भोवती दगडांच्या रांगा. इथे रबराच्या चेंडूचा खेळ चाले आणि सोहळे होत. मुख्य अंगणाच्या पश्चिम कडेला उभे दगड लावले आहेत आणि त्यांच्यावर आकृत्या कोरल्या आहेत. चेहरे, पक्षी, आणि बेडकासारखे पाय दुमडून बसलेली एक स्त्री, जिला काग्वानाची स्त्री म्हणतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गातली कातळशिल्पं पाहिलेल्यांनी फरक बघावा. आपल्याकडे आकृती सड्यावर आडवी, पायाखाली. इथे दगड उभे, खेळणाऱ्यांकडे तोंड करून.

दुपारचं ऊन डोक्यावर असेल तर रेषा दिसत नाहीत. सकाळी लवकर किंवा दुपारी उशिरा, तिरप्या उन्हात, कोरीव खळग्यात सावली भरते आणि चेहरे उठून येतात. फोटो काढण्याआधी रेषा गडद व्हाव्यात म्हणून त्यांवर खडू किंवा पाणी कोणी लावत असेल तर त्यात सामील होऊ नका. हे ठिकाण पोर्तो रिकोच्या संस्कृती संस्थेकडे आहे आणि आठवड्याचे सगळे दिवस उघडं नसतं, म्हणून निघण्याआधी फोन करा. जागा छोटी आहे, पण दोन तास ठेवा.

परतीच्या विमानाला नेहमीपेक्षा थोडं आधी पोहोचा. अमेरिकेच्या मुख्य भूमीकडे जाणाऱ्या सामानाची विमानतळावर शेतीखात्याकडून वेगळी तपासणी होते आणि आंब्यासारखी बरीचशी ताजी फळं तिथे काढून घेतात. घाटातल्या टपरीवर घेतलेले आंबे गाडीतच खाऊन घ्या.